स्टेरॉइड नसलेली इसबाची मलमे: मराठी वापरपत्रकाच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५ : आवाका

पत्रक कोणासाठी हे आधी पक्के केले. त्वचारोगाच्या ओपीडीतून हातात चिठ्ठी आणि दहा ग्रॅमची ट्यूब घेऊन बाहेर पडणाऱ्यासाठी. कोणते औषध घ्यावे हे पत्रक सांगणार नाही, ते डॉक्टरांनी ठरवलेले असते. मलम किती, कुठे, कधी, किती दिवस, आणि काय दिसले तर थांबायचे, एवढाच मजकूर. ए-४ कागदाची एक घडी, चार पाने.

मुख्य तक्त्यात तीन औषधे: टॅक्रोलिमस मलम (०.०३ आणि ०.१ टक्के), पायमेक्रोलिमस क्रीम (१ टक्का) आणि क्रिसाबोरोल मलम (२ टक्के). पहिली दोन पेशींमधले कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम अडवतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींकडून दाह पेटवणारी रसायने सुटत नाहीत. तिसरे पीडीई-४ हे एन्झाइम अडवते. बाकीची नवी मलमे मागच्या पानावर एका चौकटीत.

सूर स्टेरॉइडविरोधी ठेवायचा नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवले. इसब जोरात उसळलेला असताना योग्य ताकदीचे स्टेरॉइड मलम थोडे दिवस लावणे हा आजही चांगला उपाय आहे. अडचण येते ती पापण्या, चेहरा, मान, काख, जांघ अशा पातळ कातडीच्या जागी आणि महिनोन्महिने लावत राहण्याने. तिथे कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, डोळ्यांजवळ वापर लांबला तर काचबिंदूचा धोका असतो. टॅक्रोलिमस आणि पायमेक्रोलिमसने कातडी पातळ होत नाही, म्हणून त्यांची खरी जागा तिथे.

६ नोव्हेंबर : हा इसबच आहे ना?

पहिल्या पानावर वरच्या बाजूला हाच प्रश्न. गजकर्णावर टॅक्रोलिमस लावले की खाज काही दिवस दबते आणि बुरशी शांतपणे पसरते. चट्ट्याची नेहमीची गोल कडा पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. स्टेरॉइड-अँटिबायोटिक-अँटिफंगल अशी तिहेरी मिश्रणे मेडिकलमधून थेट घेण्याच्या सवयीने हा गोंधळ आपल्याकडे आधीच मोठा आहे. २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारने मनाई केली. काउंटरवर ती पाळली जाते का, हे वाचकाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

पत्रकात घालायच्या खुणा: कडा उठावदार आणि मध्यभाग त्यामानाने साफ, कमरेच्या नाडीखाली किंवा जांघेत चट्टे, घरात आणखी कोणाला तसेच चट्टे. यांपैकी काही असेल तर मलम उघडण्याआधी खरवड तपासून घ्या. तपासणी साधी आहे: चट्ट्याच्या कडेचे पापुद्रे काचपट्टीवर घेतात, १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. आठवडाभर अँटिफंगल लावून मग खरवड दिली तर धागे सापडतीलच असे नाही, म्हणून ‘तपासणीआधी काही लावू नका’ हे ठळक अक्षरात.

ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीबद्दल एक ओळ ठेवली. तिचे बरेच प्रकार टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. अशा गजकर्णावर चुकून टॅक्रोलिमस लागले तर पुढचे उपचार फार लांबतात.

११ नोव्हेंबर : मात्रा

या पत्रकातले सर्वात महत्त्वाचे पान. मलम ‘लागू पडले नाही’ म्हणून परत येणाऱ्यांत कमी लावणारे पुष्कळ असतात. चिठ्ठीवर ‘पातळ थर’ असे लिहिलेले असते आणि पातळ म्हणजे किती हे कोणी सांगत नाही.

माप बोटाचेच ठेवले: प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची सलग रेघ, म्हणजे एक ‘पेर’. साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन प्रौढ तळव्यांएवढ्या कातडीला तेवढे पुरते. हे माप लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये मांडले. त्यांच्या मोजणीत पुरुषाचे पेर ०.४९ ग्रॅम आणि स्त्रीचे ०.४३ ग्रॅम भरले होते.

पत्रकांत सहसा न सांगितलेली गोष्ट अशी की हे माप ५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडासाठी आहे. लहान ट्यूबचे तोंड अरुंद असेल तर रेघ तेवढीच दिसते, पण मलम कमी निघते. तोंड ४ मिमीचे असेल तर १६ भागिले २५, म्हणजे ०.६४ पट. अर्ध्या ग्रॅमऐवजी जेमतेम ०.३२ ग्रॅम. तोंड ३ मिमीचे असेल तर ०.१८ ग्रॅम, निम्म्याहूनही कमी. फार्मासिस्टसाठी सूचना: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ट्यूब ठेवा, पेराच्या लांबीच्या दहा रेघा काढा, पुन्हा ट्यूब ठेवा, आलेल्या फरकाला दहाने भागा. आकडा ०.४ ग्रॅमच्या खाली असेल तर ग्राहकाला ‘एका पेराऐवजी दीड’ किंवा ‘दोन’ असे सांगा. झाकणाच्या टोकाने ट्यूबचे सील फोडताना छोटे भोक पडले तरी हाच घोटाळा होतो. भोक पूर्ण उघडा.

प्रौढांसाठी: चेहरा व मान अडीच पेरे, एक हात (पंजा सोडून) तीन, एक पंजा दोन्ही बाजूंनी एक, एक पाय सहा, एक पाऊल दोन, छाती-पोट सात, पाठ सात. मुलांसाठीही पेर मोठ्या माणसाचेच. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चेहरा व मान दीड, पंजासकट हात दोन, पावलासकट पाय तीन. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला तेच आकडे दोन, अडीच, साडेचार.

ट्यूब किती पुरणार हेही छापायचे. दोन्ही कोपरांच्या आतल्या घड्या आणि दोन्ही गुडघ्यांच्या लवणी मिळून सुमारे चार तळवे धरले, तर एका वेळेस दोन पेरे, म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावले की दोन ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपते. हे आधी कळले नाही तर माणूस तीच ट्यूब महिनाभर पुरवतो आणि इसब आहे तिथेच राहतो. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांशी बोलून जागा कमी करा. सगळ्या जागांवर अर्धवट थर पसरवण्यापेक्षा चेहऱ्यावर आणि घड्यांत पूर्ण मात्रा लावणे फायद्याचे.

१४ नोव्हेंबर : पाझरणारा इसब

पाणी सुटणाऱ्या कातडीवर मलम टिकत नाही, घसरते. आधी सुकवणे. डॉक्टर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात भिजवायला सांगतात, त्याचे प्रमाण १:१०,०००: ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चार लिटर पाण्यात. आपल्याकडे ते बहुधा खड्यांच्या किंवा पुडीच्या रूपात मिळते आणि मोजायला साधन नसते, म्हणून रंगावरच जावे लागते. पाणी फिकट गुलाबी हवे. जांभळे झाले तर ओतून द्या आणि नव्याने करा. न विरघळलेला खडा कातडीला लागला तर भाजतो, म्हणून पाणी वेगळ्या भांड्यात ढवळून, गाळून घ्या. दहा ते पंधरा मिनिटे पुरे. नखे आणि भांडे तपकिरी होतात, पाणी पोटात जाता कामा नये, पुडी मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या तर तो जंतुसंसर्ग. आधी त्याचे औषध, मग ही मलमे.

१९ नोव्हेंबर : पहिल्या आठवड्यातली आग

टॅक्रोलिमस सोडून देण्याचे सर्वात मोठे कारण. लावल्यावर थोड्याच वेळात जागा चुरचुरते, गरम वाटते, कधी खाज उलट वाढते. काही वेळाने ओसरते, पण पुढच्या वेळेस पुन्हा होते. बहुतेकांत आठवड्याभरात कमी होत जाते. हे आधी सांगितले नसेल तर दुसऱ्याच दिवशी ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणून ट्यूब कपाटात जाते.

कारणही दोन ओळींत द्यायचे ठरले, कारण कारण कळले की माणूस तग धरतो. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा संवेदक (रिसेप्टर) असतो. मिरचीतले कॅप्सेसिन त्यालाच चेतवते. टॅक्रोलिमसनेही ही टोके चेततात आणि सबस्टन्स-पी हे वेदनेचा संदेश देणारे रसायन बाहेर पडते, तीच आग. रोज लावत गेले की हा साठा रिकामा होतो आणि आग विझते. मध्ये खंड पडला की साठा पुन्हा भरू शकतो, म्हणून घाबरून मध्ये मध्ये सोडणाऱ्याला आग जास्त दिवस छळू शकते.

आग कमी करण्याचे उपाय, उपयोगाच्या क्रमाने:

फार लाल, ओरबाडलेल्या कातडीवर थेट सुरुवात नको. आधी काही दिवस स्टेरॉइडने दाह उतरवून मग या मलमावर यायचे का, हे डॉक्टरांना विचारा. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे होऊ द्या. ओलसर कातडीवर आग हमखास वाढते. पहिल्या दिवशी एकाच लहान जागी लावून पाहा. ट्यूब काही वेळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून गार मलम लावले की बऱ्याच जणांना सुसह्य होते, पण फ्रीझरमध्ये नको. लावल्यावर लगेच चुलीपुढे किंवा उन्हात जाऊ नका.

क्रिसाबोरोलनेही आग होते, विशेषतः चेहऱ्यावर. पायमेक्रोलिमसने त्यामानाने कमी. टॅक्रोलिमस लावणाऱ्याने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होऊन गरम वाटू शकतो. हा ज्ञात परिणाम आहे, अ‍ॅलर्जी नव्हे. ओपीडीत हे सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही, म्हणून छापणे भाग.

आग कुठे सामान्य नाही: फोड आले, पापण्या सुजल्या, लावलेल्या जागेच्या बाहेर पुरळ पसरले, किंवा दर वेळेस आग वाढतच गेली. मग बेसमधल्या, म्हणजे औषध ज्यात मिसळलेले असते त्यातल्या, घटकाची अ‍ॅलर्जी असू शकते. क्रिसाबोरोलच्या मलमात आणि पायमेक्रोलिमसच्या क्रीममध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. टॅक्रोलिमसच्या मूळ मलमात पेट्रोलॅटम, मेण आणि औषध विरघळवायला प्रॉपिलीन कार्बोनेट. जेनेरिकचा बेस वेगळा असू शकतो, म्हणून ‘कंपनी बदलल्यावर त्रास सुरू झाला का?’ हा प्रश्न पत्रकात ठेवला.

२४ नोव्हेंबर : मॉइश्चरायझर आधी की मलम आधी

यावर घराघरांत मतभेद. टॅक्रोलिमसच्या युरोपीय माहितीपत्रकानुसार त्याच जागेवर दोन तासांच्या आत मॉइश्चरायझर नको, ना आधी ना नंतर. पत्रकात सोपी वेळ दिली: सकाळी अंघोळ, टिपून कोरडे, मलम, दोन तासांनी मॉइश्चरायझर. संध्याकाळी मॉइश्चरायझर; झोपण्याआधी, दोन तास गेल्यावर, मलम. इसब नसलेल्या उरलेल्या अंगावर मॉइश्चरायझर केव्हाही.

मलमावर प्लॅस्टिक गुंडाळायचे नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. हातांवरच इसब नसेल तर लावून झाल्यावर हात धुवा. हातांवर असेल तर भांडी आणि कणीक उरकल्यावर लावा, नाहीतर सगळे धुऊन जाते.

१ डिसेंबर : चौकटीतली धोक्याची सूचना

खोक्यातला कागद वाचून लोक हादरतात. ‘कर्करोग’ हा शब्द तिथे असतो आणि त्याला बगल देणारे पत्रक निरुपयोगी.

मजकूर असा: टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले आणि आधी अवयव प्रत्यारोपणात, पोटात घ्यायचे औषध म्हणून आले. तशा वापरात काही कर्करोगांचे प्रमाण वाढते. तो अनुभव आणि प्राण्यांवरच्या मोठ्या मात्रांचे प्रयोग पाहून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००६ मध्ये मलमांवरही चौकटीतली सूचना छापायला लावली. टॅक्रोलिमसचा रेणू मोठा आहे, ८०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) वर, त्यामुळे कातडीतून आत फारसा जात नाही. बहुतेकांच्या रक्तात पातळी १ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खालीच राहते.

त्यानंतर मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. टॅक्रोलिमसच्या ‘अ‍ॅपल्स’ नोंदणीत ७,९५४ मुले होती, कर्करोग सहा जणांत आढळला. त्या वयाच्या मुलांत एरवी जितके अपेक्षित तितकेच, गुणोत्तर १.०१. पायमेक्रोलिमसच्या ‘पीअर’ नोंदणीत ७,४५७ मुलांत पाच, गुणोत्तर १.२, हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. आकडे जसेच्या तसे छापायचे. ‘पूर्ण सुरक्षित’ हे शब्द पत्रकात नकोत.

ज्यांनी वापरू नये: नेदर्टन सिंड्रोमसारखे जन्मजात विकार असलेले, ज्यांची कातडी औषध झपाट्याने आत ओढते, प्रतिकारशक्ती खूप खालावलेले, आणि कर्करोगपूर्व किंवा कर्करोगाचे डाग असलेली जागा. फोटोथेरपी (अतिनील प्रकाशाचे उपचार) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उन्हात काम करणाऱ्याने बाह्या लांब ठेवा.

८ डिसेंबर : नवी मलमे, मागच्या पानाची चौकट

अमेरिकेतून येणारे नातेवाईक ट्यूब घेऊन येतात, म्हणून ही चौकट हवीच.

रक्सोलिटिनिब १.५ टक्के क्रीम (दाहाचे संदेश पोचवणारी जेएके एन्झाइमे अडवणारे): सप्टेंबर २०२१ मध्ये १२ वर्षांपुढे मंजूर, सप्टेंबर २०२५ मध्ये २ वर्षांपर्यंत खाली आणले. प्रौढांत अंगाच्या २० टक्क्यांहून जास्त भागावर नको, आठवड्याला ६० ग्रॅमची मर्यादा. त्यावर गंभीर संसर्ग, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या यांची चौकटीतली सूचना आहे, तिचा आधार बहुतांशी पोटात घ्यायच्या जेएके औषधांचा. रोफ्लुमिलास्ट ०.१५ टक्के: जुलै २०२४, ६ वर्षांपुढे, दिवसातून एकदा, यकृताचा मध्यम किंवा तीव्र आजार असेल तर नको. टॅपिनारोफ १ टक्का: डिसेंबर २०२४, २ वर्षांपुढे, एकदा; केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येऊ शकतात. जपानमध्ये डेल्गोसिटिनिब २०२० पासून, डिफामिलास्ट २०२१ पासून.

चाचण्यांचे आकडे छापताना बिनऔषधाच्या बेसचा आकडा शेजारीच छापायचा. ‘कातडी साफ किंवा जवळपास साफ, आणि सुरुवातीपेक्षा किमान दोन पायऱ्यांची सुधारणा’ या निकषावर क्रिसाबोरोलच्या दोन चाचण्यांत ३२.८ विरुद्ध २५.४ आणि ३१.४ विरुद्ध १८ टक्के. रोफ्लुमिलास्ट: ३२ विरुद्ध १५.२, २८.९ विरुद्ध १२. टॅपिनारोफ: ४५.४ विरुद्ध १३.९, ४६.४ विरुद्ध १८. रक्सोलिटिनिब: ५३.८ विरुद्ध १५.१, ५१.३ विरुद्ध ७.६. पहिली दोन औषधे चार आठवड्यांवर आणि पुढची दोन आठ आठवड्यांवर मोजली आहेत, म्हणून हे आकडे एकमेकांशी थेट भिडवू नयेत. पण क्रिसाबोरोलच्या पहिल्या चाचणीत नुसत्या बेसनेही चौघांत एकाने हा निकष गाठला हे पाहिले की मॉइश्चरायझरला कमी लेखता येत नाही.

तुलना हवी असेल तर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२४ चा आढावा: २९१ अभ्यास, ४५,८४६ माणसे. वरच्या फळीत ताकदवान स्टेरॉइड, जेएके मलमे आणि टॅक्रोलिमस ०.१ टक्का, पीडीई-४ अडवणारी मलमे तळाशी. आग होण्यात टॅक्रोलिमस ०.१ आणि क्रिसाबोरोल पुढे. म्हणजे पंचवीस वर्षे जुने, दुकानात सहज मिळणारे मलम अजून नव्यांच्या पंक्तीत बसते. महाग ट्यूब मागवण्याआधी घरातली नीट वापरली का, हा प्रश्न चौकटीखाली टाकला.

१२ डिसेंबर : ज्यावर कुठलेच मलम पुरे पडत नाही

स्पर्शाने होणारा इसब. टिकलीच्या गोंदाने कपाळावर, नकली दागिन्यांतल्या निकेलने कानावर, लसूण सोलून बोटांच्या टोकांवर, सिमेंटमधल्या क्रोमेटमुळे गवंड्याच्या हातांवर. आणि गाजर गवत: १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत भरलेले हे तण आता सगळीकडे आहे. त्याच्या हवेतल्या कणांनी चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या घड्या पेटतात, आणि तो इसब नेहमीच्या इसबासारखाच दिसतो. पावसाळ्यानंतर शेतात गेल्यावर दर वर्षी वाढतो का, हे विचारा. कारण सुटले नाही तर टॅक्रोलिमस फक्त दाबून धरते. अशांना पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते पाहण्याची तपासणी.

१८ डिसेंबर : साफ झाल्यावर

कातडी साफ दिसली की लोक मलम बंद करतात, आणि पंधरवड्यात तीच जागा पुन्हा उठते; वरून साफ दिसली तरी आत दाह शिल्लक असतो. वारंवार उसळणाऱ्यांना डॉक्टर टॅक्रोलिमस आठवड्यातून दोन दिवस, नेहमीच्या जागांवर, साफ असतानाही लावायला सांगतात. दोन दिवसांत दोन-तीन दिवसांचे अंतर: सोमवार आणि गुरुवार. दिवसातून एकदाच. वर्षभरानंतर गरज आहे का ते पुन्हा पाहतात.

खर्चाचा हिशेब इथे उलटतो. त्याच चार घड्यांना एका वेळेस एक ग्रॅम, आठवड्याला दोन. दहा ग्रॅमची ट्यूब पाच आठवडे. उसळल्यावर तेवढीच ट्यूब पाच दिवस.

आणि वाट किती पाहायची: खाज बहुधा पहिल्या आठवड्यात उतरू लागते, लाली आणि जाड कातडी मागून. दोन आठवडे पूर्ण मात्रेत लावून काहीच फरक नसेल तर पुन्हा दाखवा.

२७ डिसेंबर : साठवण आणि आग

टॅक्रोलिमस २५ अंशांखाली ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात कपाटही त्याहून गरम असते. तिथे फ्रिजचा खालचा कप्पा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

पेट्रोलॅटम किंवा पॅराफिनवाली मलमे कपड्यात आणि चादरीत मुरतात आणि असे कापड चटकन पेट घेते. धुतले तरी पूर्ण निघत नाही. गॅसजवळ, समईजवळ, विडी-सिगारेट ओढताना जपा. पत्रकात हे लाल अक्षरांत.

५ जानेवारी २०२६ : छपाईआधी

शेवटच्या पानावर ‘लगेच डॉक्टरकडे’ अशी चौकट. पहिली ओळ: एकसारख्या आकाराचे, मध्ये खड्डा असलेले फोड किंवा टाचणीने टोचल्यासारखे गोल व्रण, सोबत ताप आणि वेदना. इसबावर पसरलेली ही नागिणीच्या जातीच्या विषाणूची, हर्पिसची लागण असू शकते. मलम त्याच दिवशी बंद, आणि उद्यावर ढकलायचे नाही. दुसरी: पू, पिवळ्या खपल्या, झपाट्याने पसरणारी लाली. तिसरी: मलम डोळ्यात गेले आणि पाण्याने धुऊनही चुरचुर थांबली नाही.

मात्रेच्या पानावर पेराचे चित्र खऱ्या मापात हवे: अडीच सेंटिमीटर लांब, ५ मिमी रुंद पट्टी. छापखान्याला पीडीएफ देताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवायला सांगणे. तो चालू राहिला तर पट्टी आकसते आणि सगळे माप बिघडते. पहिली प्रत आली की पट्टीवर फूटपट्टी ठेवून पाहणे, मगच बाकीच्या प्रतींना होकार.